नदीची आठवण आणि वाचनालयाची वही

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळवले, तेव्हा पहाटेची वंदना, पत्र्याचे वसतिगृह, रविवारचे श्रमदान अशा कितीतरी आठवणी मनात दाटून आल्या. पण त्या माझ्याहून अधिक रसाळपणे लिहू शकतील असे पुष्कळ माजी विद्यार्थी आहेत. मी येथे ग्रंथालयाविषयी लिहू इच्छिते आणि ग्रंथालयाशी ज्याचा संबंध सहसा कोणी जोडत नाही, त्या हवामानबदलाविषयी. हा संबंध मला पुस्तकातून कळला नाही. तो माझ्या निरक्षर मायमुळे कळला आणि कळला तोही उशिराच.

१९८१ साली पाचवीत मी या शाळेत दाखल झाले. तोवर ‘वाचनालय’ हा शब्द मला ठाऊक होता, पण वाचनालयाचा उंबरठा मी ओलांडलेला नव्हता. मांजरा नदीच्या काठावरील आमच्या गावात वाचनालय होते आणि ‘सार्वजनिक’ अशी पाटीही त्यावर होती. परंतु ते एका प्रतिष्ठित घराच्या ओसरीवर भरत असे आणि त्या ओसरीवर आमच्या वस्तीतील कोणी चढत नसे. तशी मनाई कोणी शब्दाने केलेली नव्हती. ती करावीच लागत नव्हती. वस्तीतील एक-दोन शिकलेले तरुण ओसरीखाली उभे राहून, वरच्या मंडळींचे वाचून झालेले वर्तमानपत्र मागून घेत. आपल्या शाळेत मात्र पहिल्याच महिन्यात गुरुजींनी पुस्तकांच्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या हाती ठेवली. “पुस्तकं पुसायची, मोजायची आणि पुसता पुसता उघडायचीसुद्धा,” असे ते म्हणाले होते. ते कपाट हेच माझे पहिले सार्वजनिक वाचनालय.

माझा जन्म १९७० चा. मी दोन वर्षांची असताना १९७२ चा दुष्काळ पडला. मला झाडाखाली झोळीत टाकून माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरचा तांबडा मिलो, आटलेल्या आडात उतरून वाटीने भरलेली घागर, हे सारे ती रात्री पडल्या पडल्या सांगे. मी ऐकत असे आणि झोपी जात असे. पुढे नामांतरापूर्वीच्या मराठवाडा विद्यापीठात मी इतिहास विषयात एम. ए. केले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून १८७६ ते १८७८ च्या दुष्काळावर टिपणे काढली. त्या काळात महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाने भुकेल्या मुलांसाठी धनकवडीला चालवलेल्या बालाश्रमाची माहिती मिळवली. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बांधबंदिस्तीने पाणी जिरवण्याचा जो आग्रह आहे, त्यावर एक निबंधही लिहिला. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची साधने मी इतक्या निष्ठेने शोधत होते. पण एका दुष्काळाची जिवंत साक्षीदार माझ्या घरी भाकरी थापत बसली आहे, हे माझ्या ध्यानातही आले नाही. जे छापलेले असते तेच साधन, हा संस्कार माझ्यावरही झालेला होता.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्या दिवसांत नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, “मॅडम, असं आधी कधी झालं होतं का?” मी १९७२ चे नाव सांगितले, १८७६ चे सांगितले. तिचा पुढचा प्रश्न होता, “आपल्या गावात झालं होतं का? तेव्हा आपल्या माणसांनी पाणी कुठून आणलं?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तालुक्याच्या ग्रंथालयात गेले. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचे, म्हणजे लातूर वेगळा जिल्हा होण्यापूर्वीचे गॅझेटिअर काढले. त्यात पावसाचे तक्ते मिळाले, दुष्काळांचा वृत्तान्त मिळाला. आमच्या वस्तीचा आड मात्र त्यात नव्हता, आणि तो असणार तरी कसा? गॅझेटिअर लिहिणारा माणूस वस्तीत चौकशीला आलाच नसेल.

त्याच शोधात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा दहावा खंड पुन्हा हाती आला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडे होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. दामोदर खोऱ्याच्या योजनेमागे १९४३ चा पूर होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत ओडिशातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी मांडलेला विचार आज पुन्हा वाचण्याजोगा आहे. पुराचे पाणी म्हणजे केवळ अरिष्ट असे मानून ते लवकरात लवकर समुद्रात ढकलून देणे योग्य नव्हे. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून ते पाणी राखून ठेवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. पूर आणि दुष्काळ ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत, हे त्यांनी ओळखले होते. दादरचे ‘राजगृह’ ज्यांनी ग्रंथांसाठी बांधले, त्यांची ही दृष्टी अहवाल, आकडे आणि ग्रंथ यांच्या अभ्यासातून आलेली होती. मी तेव्हा हे वाचले, वर्गात सांगितले आणि खंड परत केला. तो विचार पाच वर्षांनी थेट आमच्या दारात येऊन उभा राहील, असे तेव्हा वाटले नव्हते.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ चक्रीवादळाचा उरलेला प्रभाव मराठवाड्यावरून गेला. पाच वर्षांपूर्वी ज्या मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, त्याच धरणाचे सर्व दरवाजे उघडावे लागले. मी त्या दिवशी गावी होते. सायंकाळी ध्वनिक्षेपकावरून सूचना फिरली. धरणातून इतके हजार क्युसेक पाणी सोडले आहे, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे, असे त्यात सांगितले होते. सूचना वेळेवर आली होती, हे मुद्दाम नमूद करते. पण वस्तीत कोणी हलले नाही. ‘क्युसेक’ म्हणजे काय हे कोणाला ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. माय मात्र गाठोडे बांधू लागली. मी म्हणाले, “इतक्या वर पाणी येणार नाही.” ती म्हणाली, “तू पोटात व्हतीस तव्हा त्या लिंबाच्या पारावर आलतं. नदी आपली वाट इसरत न्हाई.” तिने शेजारच्या चार घरांना हाका मारल्या. आम्ही उंचावरील शाळेच्या खोल्यांत रात्र काढली. पहाटे पाणी लिंबाच्या पाराला लागले होते. आमच्या घराची एक भिंत बसली. विहारातील छोट्या वाचनालयाची खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके चिखलात गेली. माणसे वाचली, ती एका म्हातारीच्या आठवणीमुळे. एम. ए. इतिहास झालेली मी त्या रात्री चुकले होते.

पुढे विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पार बुडाला होता तो धरणापूर्वीच्या काळात. १९८० च्या सुमारास धरण झाले, नदी शांत झाली आणि तिच्या भीतीबरोबर तिची आठवणही ओसरली. वस्ती वाढली ती नदीच्या बाजूनेच, कारण वरची जागा आम्हांला कोण देणार? गावाची उंच जमीन कोणाकडे आणि सखल जमीन कोणाकडे, याचा इतिहास वाचकांना सांगण्याची गरज नाही. धरणाने पूर नाहीसा झाला नव्हता, केवळ त्याची स्मृती पुसली गेली होती.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंशाहून अधिक वाढले आहे. त्यामुळे पाऊस पडायचा तेव्हा तो कमी दिवसांत, पण मोठ्या जोराने पडण्याची शक्यता वाढते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०१७ साली दाखवून दिले. अर्थात, एक पूर किंवा एक दुष्काळ म्हणजे हवामानबदलाचा पुरावा नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते. एखाद्या ठिकाणचे हवामान ठरवताना ३० वर्षांची सरासरी धरतात. म्हणजे हवामानबदल समजण्यासाठी दीर्घ नोंद हवी. आमच्या जिल्ह्यातील प्रत्येकाला ३० सप्टेंबर १९९३ ही भूकंपाची तारीख पाठ आहे. दुष्काळाला मात्र तशी तारीख नसते. तो एका रात्रीत येत नाही, म्हणून तो कोणाच्या तारखेत बसत नाही. तो लिहूनच ठेवावा लागतो.

माय गेली. जाण्यापूर्वीच्या काही महिन्यांत मी वही घेऊन तिच्यापाशी बसले. पण तोवर तिच्या आठवणींतले वर्षांचे धागे गुंतले होते. जे वीस वर्षांपूर्वी सहज मिळाले असते, त्यातले निम्मेही हाती लागले नाही. ही रुखरुख मी जन्मभर बाळगणार आहे. त्या रुखरुखीतूनच आपल्या शाळेच्या ग्रंथालयात ‘पाण्याची वही’ सुरू झाली.

दिवाळीच्या सुटीत प्रत्येक मुलाने घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला पाच प्रश्न विचारायचे. सर्वांत मोठा पूर कोठपर्यंत आला होता? दुष्काळात पाणी कोठून आणले? कोणती विहीर कधी आटली? पूर्वी कोणती पिके होती आणि ती का गेली? उन्हाळ्यात काम किती वाजता थांबवत होता? उत्तरे सांगणाऱ्याच्या बोलीत लिहायची आणि परत आल्यावर ती पाने ग्रंथालयात जमा करायची. त्या पानांशेजारी आम्ही गॅझेटिअरमधील पावसाच्या तक्त्यांच्या प्रती आणि आपल्या महसूल मंडळाच्या पावसाचे आकडे ठेवतो. आजीने सांगितलेले वर्ष आणि तक्त्यातील आकडा जुळला की मुलांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. जुळला नाही तर दोन्ही पुन्हा तपासायचे. ही त्यांची इतिहासलेखनाची पहिली शिकवणी.

ग्रंथालयाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर आदल्या दिवसाचा पाऊस, धरणातील साठा आणि हवामान खात्याच्या इशाऱ्याचा रंग लिहिला जातो. एका वर्षी सातवीच्या मुलांनी क्युसेकचे कोडे सोडवले. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, म्हणजे साधारण दोन घागरी. ५० हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख घागरी! हे गणित मुले गावोगावी घेऊन गेली. २०२१ च्या त्या सायंकाळी कोणी घागरीत सांगितले असते, तर वस्ती हलली असती.

याच फळ्यावर इतर गोष्टीही येऊ लागल्या. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर शासन ती अतिवृष्टी धरते. वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप आहे. २०२१ च्या पुरानंतर आमच्या वस्तीतील एका अल्पभूधारक कुटुंबाला पीकविम्याची भरपाई मिळाली नाही, कारण नुकसानीची सूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागत असे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि त्या तीन दिवसांत गावात वीजही नव्हती. बटईने जमीन कसणाऱ्या दुसऱ्या एका कुटुंबाचे नाव तर सातबारावरच नव्हते. त्यांच्या नुकसानीची नोंद ना विम्यात झाली, ना पंचनाम्यात. ती केवळ आमच्या वहीत आहे. नियम ठाऊक नसणे ही गरिबाला पडणारी दुहेरी शिक्षा असते. वाचनालयाला पूर अडवता येत नाही, पण ही दुसरी शिक्षा बऱ्याच अंशी टाळता येते.

आता एका कटू प्रसंगाविषयी. गावाचे नाव लिहीत नाही. तेथील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीची साक्ष फार चांगली लिहून आणली. त्यात १९७२ मधील एका विहिरीची हकिगत होती. वस्तीतील बायांनी दूर उभे राहायचे, सर्वांचे भरून झाल्यावर वरून ओंजळभर पाणी ओतले जायचे, आणि पुढे तेही बंद झाले. त्या गावच्या वाचनालयाला वहीची एक प्रत ठेवून घेण्याची इच्छा होती. पूररेषा, विहिरी, पिके हे सारे त्यांना उपयोगी वाटले. तेवढे विहिरीचे पान काढून द्या, असा निरोप आला. “जुनं कशाला उकरायचं?” असे त्यांचे म्हणणे होते. खरे सांगते, मी एक दिवस विचारात पडले. बाकीची पाने गावात राहिली तर गावाचे हितच होणार होते. मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मॅडम, ते पान काढलं तर आजीनं सांगितलेलं राहिलं काय?”

पान काढले नाही आणि त्या वाचनालयात वहीही गेली नाही. यात आमचा विजय झाला असे मी मानत नाही. ज्या गावाला ती वही हवी, त्या गावात ती नाही, ही हानीच आहे. परंतु ते पान काढून दिलेली वही अपुरी ठरली असती, असे मला अजूनही वाटते. पाऊस कमी पडतो तो सर्वांच्या छपरांवर सारखाच कमी पडतो. टंचाई मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळ्यात पाणी कमी होते म्हणून नव्हे. पुढच्या काळात दुष्काळ अधिक कडक होणार असतील, तर कोणाच्या घागरीत पाणी आधी पडणार हा प्रश्न पुन्हा उभा राहणार आहे. मागच्या वेळी काय घडले हे ज्या वाचनालयात वाचायला मिळत नाही, ते पुढच्या वेळेची तयारी अर्धीच करून घेऊ शकेल.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे आपल्या राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांतील शासनमान्य ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. त्यांची संख्या ११ ते १२ हजारांच्या घरात आहे. अनुदान तुटपुंजे आहे, ग्रंथपालांचे मानधन त्याहून तुटपुंजे. अनेक ठिकाणी वर्तमानपत्रांपलीकडे काही उरलेले नाही. तरीही गावात असे दुसरे कोणते ठिकाण आहे, जेथे काही विकत न घेता, कोणाची ओळख न काढता, कोणीही दुपारी सावलीत बसून चार ओळी वाचू किंवा ऐकू शकेल? निदान तसे असणे हा त्या ‘सार्वजनिक’ शब्दाचा अर्थ आहे. ओसरीखाली उभे राहून वर्तमानपत्र मागणाऱ्यांच्या पिढीने तो अर्थ लक्षात ठेवला पाहिजे. फळा, खडू, एक वही आणि आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचून दाखवणारा कोणी एक, एवढ्यावर प्रारंभ होतो. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी वाचून दाखवणे आणि जे लिहू शकत नाहीत त्यांचे लिहून घेणे, ही वाचनालयाची दोन्ही कामे आहेत. आजवर आपण पहिलेच काम थोडेफार केले. दुसरे राहूनच गेले.

विहारातील वाचनालय आम्ही पुन्हा लावले. आता खालच्या दोन फळ्या रिकाम्या ठेवतो. बाहेरच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची रेषा रंगवली आहे आणि शेजारी तारीख. त्या रेषेच्या बाजूला मायने सांगितलेली जुनी खूणही आहे. तिला तारीख नाही.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो आणि पालकहो, आपण स्नेहमेळाव्याला येताना शाळेसाठी काही ना काही घेऊन येता. यंदा एक पान घेऊन या. घरात कोणी वृद्ध असेल, तर तिच्यापाशी एक संध्याकाळ बसा. पाचांपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरी पुरेत. माझ्यासारखा उशीर करू नका. वहीतील पहिले पान माझ्या मायचे आहे आणि ते अर्धे कोरे आहे. त्यावर एवढेच आहे: ‘पुराची खूण: लिंबाचा पार. वर्ष: लेक पोटात होती ते.’ वही त्याच लोखंडी कपाटात असते. कपाटाची किल्ली सध्या आठवीतील एका मुलीकडे आहे. तिला विचारलेत तर ती काढून देईल.